रोल संपवायला काढलेले फोटो

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फेब्रुवारीनंतर या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कुणाची, ते ठाऊक नाही. वही काही माझी वाट बघत बसली नव्हती. पण नियमाने लिहिणाऱ्या माणसाने महिनोन् महिने गप्प राहावे आणि मग काहीच झाले नाही अशा थाटात 'आज सकाळी' म्हणून सुरुवात करावी, हे मला जमत नाही. कारण एवढेच, की मार्चपासून जिना चढताना दम लागू लागला आणि लिहायला बसले की त्याच्याशिवाय दुसरे काही सुचेना. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. "शटर अडकतंय म्हणा ना," असे डॉक्टर मला समजेल अशा भाषेत म्हणाले. येत्या सोमवारी शस्त्रक्रिया आहे. धोका फार नाही म्हणतात. पण 'फार नाही' आणि 'नाही' यांत जेवढे अंतर आहे तेवढ्यात एक मृत्युपत्र सहज मावते.

वकीलबाई म्हणाल्या, आधी तुमच्या शब्दांत लिहून आणा, कायद्याचे कपडे मी चढवते. म्हणून हा कच्चा मसुदा इथेच करतो. बाकीची कलमे सोपी आहेत. अवघड एकच आहे: माझ्या पत्नीचे जे फोटो माझ्या हातून निघाले, ते माझ्यामागे कुणाचे? आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या क्लबला ते सभागृहात लावायला हवे आहेत. तिच्या हाती दिले तर ती ते फाडूनही टाकेल. हे ठरवल्याशिवाय मला दवाखान्यात जायचे नाही.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठेचाळीस, पाणीपुरवठा कार्यालयात आरेखक, आणि रविवारी हौशी छायाचित्रकार, माझ्या मिळकतीची आणि सामानाची पुढील व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवत आहे. मला कुणी भरीस घातलेले नाही. चालू असलेल्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, विचार पडत नाहीत. माझे डोके ठिकाणावर आहे.

हे शेवटचे वाक्य पत्नीने मागे उभे राहून वाचले. "ते तू कसं लिहिणार? ते दुसऱ्याने लिहायचं असतं," म्हणाली. बरोबर आहे. म्हणून साक्षीदारांत आमचे नेहमीचे डॉक्टर घेतले आहेत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा पत्नीला. न्हाणीघराच्या खिडकीला आतून काळा रंग लावलेला आहे, तो मी लावला. फिल्म धुवायला अंधार लागायचा. गेली कित्येक वर्षे त्या अंधाराची गरज नाही, तरी तो खरवडायचा राहून गेला. घर विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला ते आधीच सांगावे.

२. बँकेतले, कार्यालयातले आणि विम्याचे जे काही निघेल ते पत्नी आणि लेक यांना निम्मे-निम्मे. यावर माझे काही म्हणणे नाही. दोघींनाही हिशेब माझ्यापेक्षा चांगला येतो. पत्नी तर शाळेत गणितच शिकवते.

३. तिपाई. कॅमेरा ठेवायची माझी लोखंडी, जड, न हलणारी तिपाई मेहुण्याने भाचीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी म्हणून नेली. ती भाची आता नोकरीला लागली. दर वेळी विषय निघाला की मेहुणा म्हणतो, "भाऊजी, तिपाई ना? आणतोच की." गेल्या वर्षी त्याच्या घरी गेलो तेव्हा ती गॅलरीत होती आणि तिच्यावर कुंडी होती. कुंडीतले झाड चांगले वाढले होते, हेही नमूद करतो. सदर तिपाई मी मेहुण्याला देत आहे. म्हणजे ती यापुढे त्याने परत केली नाही असे होणार नाही. माझ्या मनातले किल्मिष जावे म्हणून हे कलम घातले आहे. ते अजून पुरते गेलेले नाही, पण सोमवारपर्यंत वेळ आहे.

४. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचे यंत्र, तीन ट्रे, लाल दिवा, आणि उघडायचे राहून गेलेले फोटोच्या कागदाचे एक खोके: हे क्लबच्या सचिवांना, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरांना.

हे एन्लार्जर मूळचे चौकातल्या स्टुडिओवाल्या काकांचे. कॉलेज संपवून नोकरीची वाट बघत होतो त्या वर्षी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. पगार नव्हता आणि कामही नव्हते. ते बोलायचे, मी ऐकायचो. पासपोर्टच्या फोटोलासुद्धा ते माणसाला आधी दोन मिनिटे नुसते बसवून ठेवायचे. मी एकदा विचारले, वेळ कशाला घालवता? म्हणाले, "आत आला तेव्हा त्याने चेहरा घालून आणलाय. तो उतरू दे की." प्रकाश मोजायला मीटर माणसाच्या तोंडासमोर न धरता आपल्या तळहातावर धरायचा, म्हणजे समोरचा बुजत नाही, हेही त्यांचेच. डिजिटल आले तेव्हा त्यांनी दुकानात एक संगणक आणला, महिनाभर त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावे तसे बघितले आणि दुकान बंद केले. एन्लार्जर मला हातगाडीवर घालून पाठवले. सोबत निरोप: "तू अजून दोन वर्षं तग धरशील." मी चार वर्षे धरला.

दातांच्या डॉक्टरांना ते द्यायचे कारण त्यांना जुन्या यंत्रांचे वेड आहे. स्वतःच्या फोटोत हा माणूस कधी दात दाखवत नाही, हे मात्र क्लबच्या इतिहासात नोंदले जावे.

५. बसलेल्या माणसांच्या निगेटिव्ह. आमच्या जेवणाच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीपाशी स्टूल ठेवून, मागे चादर लावून मी जवळजवळ वीस वर्षे रविवारी लोकांचे फोटो काढले. शिंपी, टपालवाले, कार्यालयातले, जिन्यातले. कुणाकडून काही घेतले नाही. प्रत्येकाला एक प्रिंट दिली. फिल्मवरच्या निगेटिव्ह पाकिटांत आहेत, पाकिटावर कोण ते लिहिले आहे. ज्याची त्याला द्यावी. माणूस नसेल तर त्याच्या घरी. चेहरा त्यांचा, मी नुसता खिडकीशी उभा होतो. खालच्या मजल्यावरचे शिंपी वाटपाला मदत करणार आहेत. ते म्हणाले, "मापं घेतलेल्या माणसांचे पत्ते माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहेत."

६. डिजिटल कॅमेरा, त्याची दोन भिंगे आणि फोटोंच्या तिन्ही डिस्क लेकीला.

डिस्कवर किती फोटो आहेत ते मला माहीत नाही, आणि ते माहीत नसणे हाच त्यातला फरक आहे. फिल्मवर छत्तीस फोटो असायचे, त्यामुळे मी बटण दाबायच्या आधी थांबायचो. नवा कॅमेरा आल्यावर पहिल्या रविवारी मी टपालवाल्यांचे दोनशे फोटो काढले आणि एकातही ते सापडले नाहीत. माणूस डोळे मिटेल म्हणून आणखी एक, हसेल म्हणून आणखी एक. पण कॅमेऱ्याला दोष देणे खोटेपणाचे होईल. त्यानेच मला संध्याकाळच्या मंद उजेडात फोटो काढू दिले. लेकीचे रंगीत कपडे, खिडकीबाहेरचा निळा अंधार हे सगळे मला त्याच्यामुळेच मिळाले. फोटो तिथल्या तिथे बघता येतो म्हणून मी शिकलोही लवकर. पाच-सहा वर्षांत पुन्हा थांबायला शिकलो. आता एका बैठकीत तीसचाळीसच काढतो. फिरून तिथेच आलो, पण या वेळी आपल्या पायांनी आलो.

लेकीने हवे ते ठेवावे, नको ते पुसावे, मला विचारायला नको. तिच्या फोनची एक गोष्ट इथे लिहितो, कारण ती पुढच्या कलमाला लागते. तिने पहिल्या नोकरीच्या पैशांतून फोन घेतला आणि आईचा फोटो काढून दाखवला. फोनने आपण होऊन आईच्या चेहऱ्यावरचा पांढरा डाग पुसून सगळा चेहरा एकसारखा, गुळगुळीत केला होता. पत्नीने फोन लांब धरून बघितले आणि विचारले, "ही कोण बाई?" लेक ओशाळली. तिने ती सोय लगेच बंद केली आणि पुन्हा कधी चालू केली नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवे.

७. आता ते कलम.

लेकीच्या जन्मानंतर पत्नीच्या ओठाच्या कोपऱ्याशी एक पांढरा ठिपका आला. पुढे तो गालावर पसरला, कानापाशी गेला, दुसरा एक कपाळावर आला. लोक 'कोड' म्हणतात आणि आवाज खाली घेतात. ती त्याला 'नकाशा' म्हणते. माझे काम पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचे, म्हणून मला उद्देशून सकाळी आरशासमोरून सांगायची, "अरे, एक नवीन बेट आलंय, नोंदवून घे." वर्गात एका मुलीने विचारले, बाई, दुखतं का? तर म्हणाली, नाही, पण तुझ्या अपूर्णांकांनी दुखतं. बाहेर तिला काही वाटत नसे. फक्त फोटोला ती बसत नसे. डागाच्या आधीही नसे. "मला स्टुलावर बसव म्हणू नको. माझा हजेरी घेतानाचा चेहरा होतो."

पण रोलमध्ये छत्तीस फ्रेम असत आणि समोरच्या माणसाचे होईपर्यंत तेहतीस-चौतीस जात. मला तो रोल त्याच दिवशी धुवायचा असे. पुढच्या रविवारपर्यंत धीर निघत नसे. उरलेल्या फ्रेम तशाच धुवायच्या म्हणजे वाया घालवायच्या, आणि वाया घालवणे हे आमच्या घरात गणिताच्या बाईंना चालत नाही. म्हणून पाहुणा जिना उतरला की मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचो, अगं, दोनतीन उरल्यात, बस जरा, रोल संपवू. ती हात पुसत यायची, स्टुलावर बसायची आणि बोलणे चालूच ठेवायची. मुख्याध्यापिकेने काय केले, गॅस कधी येणार, आईचा फोन आला होता. मी चादर सारखी करत नसे, मान वळव म्हणत नसे. रोल संपला की ती उठायची.

प्रत्येक रोल धुतल्यावर मी त्यातले सगळे फोटो लहान-लहान, एकाच कागदावर छापून ठेवत असे. गेल्या महिन्यात दातांचे डॉक्टर हे कागद बघायला आले. क्लब सभागृहात माझे फोटो लावणार आणि पुढे जपून ठेवणार, त्यासाठी त्यांना निवड करायची होती. दुपारभर ते भिंग लावून बसले आणि तांबड्या पेन्सिलीने खुणा करत गेले. ते गेल्यावर मी बघितले. खुणा प्रत्येक कागदाच्या शेवटच्या ओळीतच होत्या. ज्या माणसांना मी उजेड मोजून, श्वास रोखून टिपले होते, त्यांच्यातला एकही नव्हता. सगळ्या खुणा पत्नीवर. जाताना ते जिन्यात थांबून म्हणाले होते, "हे द्या आम्हाला. बाकीचं... बाकीचंही चांगलंच आहे हो." तेव्हा मला ते कळले नव्हते.

मला वाईट वाटले, आणि ते योग्यच होते की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. मग ते कागद त्यांच्या नजरेने बघितले. दहाबारा वर्षांत एक चेहरा बदलत जातो, डाग वाढतो, केस मागे जातात, आणि ती एकदाही कॅमेऱ्यासाठी बसलेली नाही. डॉक्टरांचे बरोबर होते.

आणि शेवटचा कागद बघताना आठवले. नवा कॅमेरा आला त्या पहिल्या रविवारी टपालवाले गेले. मी कॅमेऱ्यातून कार्ड काढून संगणकाशी गेलो. थोड्या वेळाने मागे बघितले तर ती हात पुसून स्टुलावर येऊन बसली होती. मी म्हटले, "काय गं?" तिने माझ्या हातातल्या कार्डाकडे बघितले. "अच्छा, हो की," म्हणाली आणि आत गेली. यात कुणाचे काही चुकले असे मला आजही म्हणता येत नाही. संपवायला रोलच नव्हता. पण त्यानंतर तिचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. नंतर मी दोनतीनदा विचारले, तर "आता कशाला? आता काय वाया जातंय?" असे म्हणाली.

दातांच्या डॉक्टरांचे म्हणणे, हे फोटो एका माणसाच्या कपाटात राहू नयेत. डाग असलेल्या एखाद्या मुलीने ते भिंतीवर बघितले तर तिला किती बळ येईल. हे मला पटते. तिला न विचारता क्लबच्या नावे लिहिले तर फोटो नक्की टिकतील, हेही खरे. गेला आठवडाभर मी या दोन गोष्टींच्या मध्ये उभा होतो. आज दुपारी ती शाळेतून आली तेव्हा सगळे कागद टेबलावर मांडले, भिंग दिले आणि काय ते सांगितले.

तिने चहा बाजूला ठेवला आणि एकेक कागद बघू लागली. मी वर्षे लिहिलेली नव्हती. तिने डागावरून ती लावली. हा कानापर्यंत गेला तेव्हा लेक तिसरीत होती. हे बेट दवाखान्याच्या औषधाने आले, मग औषध सोडले. शिंप्यांच्या कागदावर ती थांबली.

"इथे सात आहेत माझे."

मी म्हटले, उरले असतील.

"सात कसे उरतील? छत्तिसातले सात? मी तेव्हाच मोजले होते." भिंग न उचलता म्हणाली, "त्यानंतर दर वेळी पाचाच्या खाली नाहीत. तू शिंप्यांपासून मुद्दाम लवकर थांबायला लागलास."

मला हे ठाऊक होते का? नीट आठवून बघितले. बहुधा होते, पण मी स्वतःला सांगितलेले नव्हते. मी विचारले, मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर पुढच्या वेळी दोनच उरले असते."

मग मी क्लबचे विचारले. डागामुळे संकोच वाटत असेल तर, असे काहीसे अर्धवट म्हणालो.

"नकाशा बघायला लोकांना तिकीट लागत नाही, रोज बघतात. पालकसभेत पहिल्या रांगेतून बघतात. ते नाही रे." तिने कागद माझ्याकडे वळवला. "यात मी कुठे बघतेय बघ. लोकांकडे बघत असते तर दिले असते."

मी बघितले. सगळ्यांत ती कॅमेऱ्याच्या जरा वर बघते आहे, जिथे माझे तोंड असायचे.

मग मी ते विचारले जे विचारायचे नव्हते: माझ्यामागे तू त्यांचे काय करशील? ती म्हणाली, "ते आत्ता मला काय ठाऊक? फाडीन, भिंतीला लावीन, नाहीतर त्या डॉक्टरलाच नेऊन देईन. माझं मला तेव्हा बघू दे की. तू जाऊन नीट होऊन ये आधी."

तेव्हा असे लिहितो:

माझ्या पत्नीचे मी काढलेले सर्व फोटो, त्यांच्या निगेटिव्ह आणि हे कागद फक्त पत्नीचे. त्यांवर क्लबचा, लेकीचा किंवा अन्य कुणाचाही हक्क नाही. माझाही आजपासून नाही.

या ओळीखाली मी 'परंतु ते नष्ट करू नयेत, अशी माझी इच्छा' असे लिहिले होते. दोनदा वाचले आणि खोडले. वकीलबाईंनी खोडलेले वाक्य पक्क्या प्रतीत उतरवू नये. इच्छा आहे. अट नाही. आणि इच्छासुद्धा मृत्युपत्रात लिहिली की तिचे वजन अटीएवढेच होते.

दातांच्या डॉक्टरांना हे पटणार नाही. ते चिडतील, मग एन्लार्जरकडे बघून शांत होतील अशी आशा आहे. त्यांना सांगावे, की त्यांची नजर चुकली नव्हती. त्यांच्यामुळेच मला ते फोटो दिसले.

८. व्यवस्था बघणारी म्हणून पत्नीलाच नेमतो. तिला जड गेल्यास लेकीने हातभार लावावा.

वरील मजकूर मी वाचला आहे आणि तो मला मान्य आहे. पक्क्या प्रतीवर सही करताना पुढील दोघे एकाच वेळी हजर राहतील. दोघांनाही या कागदातून काहीही मिळणार नाही, हे वकीलबाईंनी तपासून घ्यावे.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरचे शिंपी. (त्यांची स्वतःची निगेटिव्ह त्यांना मी आजच देऊन टाकली, म्हणजे हरकत उरली नाही. उजेडाकडे धरून म्हणाले, "कॉलर बरी बसलीय.")

साक्षीदार दुसरे: आमचे नेहमीचे डॉक्टर, डोके ठिकाणावर असल्याबद्दल.

सही: मृत्युपत्र करणार

स्थळ: आमच्या घरातले जेवणाचे टेबल. दिनांक: वरचाच, संध्याकाळचे ऊन अजून खिडकीत आहे.

उद्या: निगेटिव्हच्या कपाटाची किल्ली माझ्या जुडग्यातून काढून तिच्या जुडग्यात अडकवणे.